फ्लॅश नको म्हणणाऱ्यांना

रात्री बाहेर फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवायचा, हे मत आता इतकं रुळलं आहे की त्यामागचं कारण विचारायची कोणाला गरज वाटत नाही. आमच्या शिरपुरात लग्नाची कामं घेणारी नवी मुलं ते मानतात, फोटोग्राफीचे वर्ग घेणारे ते शिकवतात, आणि ‘कँडिड’ काम करणारा फ्लॅश मारत नाही ही तर त्या कामाची ओळखच होऊन बसली आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. रात्री, उघड्यावर, माणसांचे फोटो काढताना फ्लॅशइतकं उपयोगी दुसरं साधन नाही, आणि त्याच्या माथी मारलेले बहुतेक दोष त्याचे नाहीतच. पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. फ्लॅश मारला की चेहरे जळतात, मागचं सगळं काळं पडतं, भिंतीवर कडक सावली उमटते, डोळे लाल होतात; थोडक्यात, रात्र रात्र राहत नाही. दुसरं, फ्लॅश असभ्य आहे, चाललेल्या प्रसंगात तो आगंतुकासारखा घुसतो. तिसरं, त्याची गरजच संपली आहे. २००७ साली निकॉनचा डी३ आला आणि आयएसओ ६४००वर छापण्याजोगा फोटो मिळू लागला. २०१४च्या सोनी ए७एसने तो आकडा चार लाखांच्या पुढे नेला. २०१८मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनात ‘नाइट साइट’ आली, पुढच्या वर्षी आयफोनमध्ये ‘नाइट मोड’. आता अंधारातही दिसतं, मग वरून दिवा कशाला?

या पक्षाच्या पाठीशी मोठी नावंही आहेत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५२च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत फ्लॅशला स्पष्ट नकार दिला होता. जो प्रकाश प्रत्यक्ष आहे त्याचा मान राखायचा, हे त्यांचं कारण. आणि एक दाखला तर भारतातलाच आहे. ३० जानेवारी १९४८च्या रात्री दिल्लीत बिर्ला हाऊसला दोन थोर छायाचित्रकार होते. कार्तिए-ब्रेसाँ बाहेर होते. फाटकापाशी उंचावर उभं राहून नेहरू जमावाला गांधीजी गेल्याचं सांगत असतानाचा त्यांचा फोटो शेजारच्या दिव्याच्या उजेडात काढलेला आहे. तो थोडा हललेला, धूसर आहे आणि त्या धूसरपणात त्या रात्रीचा हादरा आहे. ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट मात्र आत, पार्थिव ठेवलं होतं त्या खोलीत गेल्या आणि त्यांनी फ्लॅश उडवला. शोकात बुडालेली माणसं खवळली, आणि बर्क-व्हाइट यांच्या कॅमेऱ्यातली फिल्म उजेडात धरून नष्ट केली गेली.

हा दाखला मी पूर्ण मान्य करतो. त्या खोलीत फ्लॅश उडवणं चूकच होतं. पण ते चूक का होतं, हे पाहायला हवं. त्याकडे पुढे येतो. आधी ‘प्रत्यक्ष प्रकाशाचा मान’ हा मुद्दा घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

रात्रीचा प्रत्यक्ष प्रकाश म्हणजे कोणता? भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्ससुद्धा जेमतेम भरतं. रात्रीचा निसर्गाचा उजेड एवढाच: चंद्र, चांदण्या आणि होळी किंवा शेकोटी पेटली असेल तर तिचा जाळ. शिरपूरच्या रस्त्यावर रात्री दहाला जे दिसतं ते यांतल्या कशानेही दिसत नाही. ते नगरपरिषदेच्या खांबावरच्या दिव्याने दिसतं, दुकानाच्या पाटीने, मांडवातल्या हॅलोजनने, समोरून येणाऱ्या गाडीच्या फोकसने दिसतं. यांतला प्रत्येक दिवा कोणीतरी आपल्या कामासाठी लावला आहे. खांबावरचा रस्त्यासाठी, पाटीचा गिऱ्हाइकासाठी, मांडवातला व्हिडिओवाल्यासाठी. समोर उभ्या असलेल्या माणसासाठी त्यातला एकही नाही. मग त्या माणसासाठी मी एक दिवा लावला, तर तेवढा एकच खोटा कसा ठरतो?

इथे प्रश्न तत्त्वाचा राहत नाही, रंगाचा होतो, आणि ‘आयएसओ वाढव’ हा सल्ला नेमका इथेच कोसळतो. हळदीची रात्र घ्या. गल्लीत मांडव पडलाय, अंधार होऊन गेला तरी हळद लावणं चालूच आहे, आणि वर खांबावर जुना सोडियमचा दिवा आहे. या दिव्याचा उजेड जवळजवळ सगळा पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असतो. निळा आणि हिरवा त्यात नावापुरता. रंग जसेच्या तसे दाखवण्याची दिव्याची कुवत १००पैकी मोजतात, त्यात हा दिवा २५च्या आसपास अडकतो. आता हळद पिवळी का दिसते? ती निळा प्रकाश शोषून घेते आणि बाकीचा परत फेकते म्हणून. पण ज्या उजेडात निळा मुळातच नाही, त्यात हळद शोषून घेणार काय? त्यामुळे नवरीच्या गालावरची हळद आणि तिच्या खांद्यावरचा पांढरा टॉवेल एकाच रंगाचे दिसतात. हिरवा चुडा मातकट काळा पडतो, कुंकू तपकिरी होतं. हळदीच्या फोटोत हळदच दिसत नाही! आणि हे घरी येऊन संगणकावर दुरुस्त होत नाही. व्हाइट बॅलन्स सरकवला तर फार तर सगळा फोटो सारखाच कमी पिवळा होईल. जो रंग उजेडातच नव्हता तो सेन्सरपर्यंत पोचलेला नसतो. आयएसओ ६४०० करा की ६४,०००, जे आलंच नाही ते वाढत नाही.

फ्लॅशच्या नळीत झेनॉन वायू असतो. त्याच्या उजेडात दृश्य वर्णपटाचे सगळे रंग असतात, जवळपास दिवसाच्या उजेडासारखे. त्याच मांडवात, त्याच दिव्याखाली कमी ताकदीचा एक फ्लॅश बाजूने मारला की हळद पिवळी होते, टॉवेल पांढरा होतो, चुडा हिरवा होतो. यांतलं खरं कोणतं म्हणायचं? मांडवात बसलेल्या आईला विचारा. पोरीच्या अंगावर काय लावलंय ते तिला माहीत आहे.

सोडियमचे दिवे आता कमी होत चालले आहेत. २०१५ साली केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि त्यानंतर गावोगाव एलईडी लागले. वीज वाचली, ते चांगलंच झालं. पण फोटोच्या दृष्टीने दुखणं फक्त बदललं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर उजेड देणारा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो, आणि स्वस्त दिव्यांत गडद लाल फारच अपुरा असतो. माणसाच्या कातडीत लालाचं महत्त्व मोठं. म्हणून एलईडीखाली गव्हाळ-सावळे चेहरे राखेसारखे दिसतात. त्यात भर म्हणजे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात.

रंगाइतकीच दिशाही महत्त्वाची. खांबावरचा दिवा डोक्यावरून खाली पडतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. डोक्यावर टोपी असेल तर नाकापर्यंत सगळंच सावलीत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर जे वाचायचं ते सगळं त्या सावलीत असतं. आयएसओ वाढवणं म्हणजे कर्ण्याचा आवाज वाढवणं आहे. गाणारा बेसूर असेल तर तो मोठ्याने बेसूर ऐकू येतो. कपाळ आणि डोळे यांतलं अंतर जितकं होतं तितकंच राहतं, वर सावलीत दाणे येतात. जितका रंग सावळा तितका हा तोटा मोठा, कारण सेन्सरचे दाणे सगळे कमी उजेडाच्या भागात गोळा होतात. हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून मारलेला हलका फ्लॅश त्या खोबणीत पोचतो. हे काम दुसऱ्या कोणत्याही बटणाने होत नाही.

‘मागचं काळं पडतं’ हा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा आहे. मागचं फ्लॅशमुळे काळं पडत नाही, शटरमुळे पडतं. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: दोन मीटरवरच्या माणसाला जितका मिळतो त्याचा चौथा हिस्सा चार मीटरवर, सोळावा आठ मीटरवर. म्हणजे मागच्या देखाव्याला फ्लॅश उजळवणारच नाही. तो उजळायला शटर उघडं राहायला हवं. पण ऑटोवर ठेवलेले बहुतेक कॅमेरे फ्लॅश उघडला की शटर १/६० सेकंदाच्या खाली नेत नाहीत, आणि रात्री तेवढ्या वेळात मागचं काही उमटत नाही. तेच शटर हाताने १/८वर आणलं की मागचा उजेड जवळजवळ आठपट जमा होतो. पुढच्या माणसावरच्या फ्लॅशमध्ये मात्र काडीचा फरक पडत नाही, कारण फ्लॅशची लकेर त्या १/८ सेकंदात कधीच येऊन गेलेली असते. म्हणजे शटर रात्र सांभाळतं, फ्लॅश माणूस सांभाळतो. दोन्ही दोऱ्या तुमच्या हातात असतात. नुसत्या आयएसओवर काम करणाऱ्याच्या हातात एकच दोरी असते.

होळीच्या रात्री हे नीट कळतं. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, बोराडी-सांगवीच्या बाजूने सातपुड्यात चढत गेलं की पावरा आदिवासींचे पाडे लागतात. तिथली होळी रात्रभर ढोलावर चालते. जाळ मधोमध, त्याभोवती नाचणारी माणसं, आणि बघणारा बाहेर. त्यामुळे ज्याचा चेहरा तुमच्याकडे असतो त्याच्या पाठीला जाळ असतो. फ्लॅश न मारणाऱ्यांचे इथले फोटो पाहा: नारिंगी ज्वाला आणि तिच्यापुढे काळ्या आकृत्या. एक फोटो सुंदर दिसतो, दहावाही तसाच दिसतो, आणि शंभर फोटो पाहून झाले तरी एकाही माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. बाईच्या गळ्यातली चांदी, ढोलावरच्या हाताची पकड, पोराचं हसू, सगळं काळ्यात गेलेलं.

तिथे मी असं करतो. आयएसओ १६००, छिद्र एफ/४, शटर १/८. जाळाचा उजेड एवढ्यात पुरेसा येतो. माझ्याकडच्या साध्या फ्लॅशगनचा गाइड नंबर (छिद्राच्या आकड्याने भागला की फ्लॅश किती मीटर पोचेल ते सांगणारा आकडा) आयएसओ १००ला ३६ आहे. १६००वर तो चौपट होऊन १४४ होतो. ताकद १/६४वर उतरवली की आठाने भागून १८. वर नारिंगी जेल लावतो, कारण जाळापुढे पांढरा फ्लॅश निळसर आणि परका दिसतो. जेल दोनतृतीयांश स्टॉप खातो, म्हणजे राहिले १४ आणि थोडं. एफ/४ने भागलं की साडेतीन मीटर. तेवढ्या अंतरावरच्या माणसाचा चेहरा बरोबर उजळेल, आणि रंग जाळाचाच राहील. फ्लॅश कॅमेऱ्यावर नसतो. ट्रिगर लावून तो डाव्या हातात, शक्य तितका लांब आणि थोडा वर धरलेला असतो. डोळे लाल होणं आणि भिंतीवरची ती कडक सावली, दोन्ही तक्रारी इथेच मिटतात, कारण दोन्ही लेन्सला चिकटून बसलेल्या फ्लॅशच्या आहेत. फ्लॅश शटर उघडताना नव्हे तर बंद होताना उडेल अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती लावली की नाचणाऱ्याच्या हालचालीची नारिंगी रेघ त्याच्या मागे राहते आणि तिच्या टोकाला माणूस स्वच्छ उभा दिसतो. १/६४ ताकदीवर फ्लॅशची लकेर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असते. ढोलावर पडणारी टिपरी तिच्यात जागच्या जागी थांबते. फोनचा नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचून उजेड गोळा करतो, त्यामुळे तिथे पिंपळ छान येतो आणि नाचणारा पुसला जातो. फोनच्या मागचा तो पांढरा ठिपका तर फ्लॅश नव्हेच, छोटी एलईडी बॅटरी आहे. फ्लॅशबद्दलचं लोकांचं वाईट मत बरंचसं त्या ठिपक्याने घडवलं आहे.

आता असभ्यतेचा मुद्दा, आणि बर्क-व्हाइट. त्या खोलीत लोक चिडले ते उजेडाच्या रंगावर किंवा दिशेवर नव्हे. परवानगी नसताना, मृत्यूच्या उशाशी, कॅमेरा चालवला म्हणून चिडले. दोष अनुमतीचा होता, आणि फ्लॅशने तो लपू दिला नाही, एवढंच. हीच गोष्ट मला फ्लॅशच्या बाजूची वाटते. फ्लॅश चोरून मारता येत नाही. तो मारायचा तर समोरच्याला आधी सांगावं लागतं, त्याच्याजवळ तीन-चार मीटरवर जावं लागतं, त्याने मान हलवली तरच पुढचं. आयएसओ वाढवून, लांब लेन्स लावून, अंधारात उभं राहून कोणाचाही फोटो काढता येतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला अंगावर राखेची नक्षी काढलेले, व्रत पाळणारे बावा पाहायला दूरदूरचे कॅमेरे येतात. त्यांतला जो शेजारी येऊन विचारतो तो सभ्य, की जो दुरून न विचारता टिपून जातो तो?

फ्लॅशचा इतिहासही याच बाजूने बोलतो. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश-भुकटी तयार केली. ती बातमी वाचून न्यूयॉर्कचा वार्ताहर जेकब रीस ही भुकटी घेऊन रात्री गरिबांच्या चाळींत शिरला. त्याच्याकडेही बोट दाखवता येईल: झोपलेल्यांना न विचारता त्याने भुकटी पेटवली, आणि एकदोनदा घरांना आगही लावली. ते समर्थनीय नाही. पण १८९०मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि खिडकी नसलेल्या खोल्यांत माणसं कशी राहतात हे शहराने पहिल्यांदा पाहिलं. १९०१मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाळींसाठी नवा कायदा झाला, त्यामागे त्या फोटोंचा वाटा होता. तिथे ‘प्रत्यक्ष प्रकाशाचा मान’ राखला असता तर काहीच दिसलं नसतं, कारण त्या खोल्यांत प्रकाश पोचलाच नव्हता. दिवे आधी बाजारपेठेत लागतात, पाड्यावर सर्वांत शेवटी. जिथे दिवा असेल तिथेच फोटो काढायचा हा नियम केला, तर कोणाचा फोटो निघेल आणि कोणाचा नाही हे आपोआप ठरून जातं.

प्राण्यांबद्दलचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तारेला पाय लागताच फ्लॅश उडेल अशी योजना करून जंगली वाघांचे रात्रीचे फोटो मिळवले. बंदुकीऐवजी कॅमेरा ही कल्पना आपल्याकडे रुजली त्यात त्या फोटोंचा मोठा हात आहे. आजही व्याघ्रगणनेचा पाया कॅमेरा-ट्रॅप हाच आहे. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी ते लावले होते. वाघ ओळखायचा तर पट्टे स्वच्छ दिसावे लागतात, आणि रात्री ते पांढऱ्या फ्लॅशमध्ये अवरक्त उजेडापेक्षा जास्त स्पष्ट येतात. तरीही अभ्यासासाठी बसवलेला ट्रॅप वेगळा, आणि अनेर अभयारण्याच्या कडेला घुबडाच्या तोंडावर पुन्हा पुन्हा फ्लॅश उडवणारा हौशी वेगळा. रात्रीच्या पक्ष्याची बाहुली पूर्ण विस्फारलेली असते. त्याला त्या क्षणी दिसेनासं करण्याचा हक्क कोणालाच नाही. रानपिंगळ्याच्या बाबतीत तर सबबही नाही. १८८४नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता तो हा पक्षी १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा सापडला तो दिवसाउजेडी. तो दिवसाच वावरतो. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजव्यांपुढे फ्लॅश मारणं तर शुद्ध नासधूस. त्यांचं एकमेकांना शोधणं त्या लुकलुकीवर चालतं. आणि माणसांच्या बाबतीतही एक पथ्य आहेच: महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेने फ्लॅश कधीही उडवू नये.

आता राहिला ‘गरजच संपली’ हा मुद्दा. ती कोणासाठी संपली, हे विचारल्याशिवाय तो सोडता येत नाही. आयएसओ १२,८००वर स्वच्छ काम देणारा फुलफ्रेम कॅमेरा आणि एफ/१.४ची लेन्स घ्यायची तर हिशोब लाखांत जातो. शिरपुरात नव्याने धंद्यात उतरलेल्या मुलाकडे बहुधा जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली लेन्स असते. त्याला ‘फ्लॅश नको’ सांगणं म्हणजे कर्ज काढ म्हणून सांगणं आहे. हाताने ताकद ठरवायची साधी फ्लॅशगन, ट्रिगरची जोडी आणि नारिंगी जेलचा तुकडा एवढ्यात त्याचं काम होतं, आणि हा खर्च हजारांतला आहे. कोणाच्या घरी फिल्मच्या काळातली फ्लॅशगन पडून असेल तर ती तशीच नव्या कॅमेऱ्यावर चढवू नये. त्यातल्या काहींच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळतं. सेल घालून, फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागला की मल्टिमीटरने मधल्या टोकाचा आणि कडेच्या पट्टीचा दाब मोजावा. सहा व्होल्टच्या आत भरला तर खुशाल लावावी. जास्त भरला तर साध्या ऑप्टिकल स्लेव्हवर बसवून, कॅमेऱ्यापासून दूर, मांडवाच्या कोपऱ्यात उभी करावी. पण तोही त्या दाबाला चालणारा आहे ना, हे आधी पाहून घ्यावं.